गुलाब: शून्य ते चार

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गुलाब: शून्य. लिंबू: शून्य. लवंग: शून्य. निलगिरी: शून्य.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून हे लेखन सुरू केले आहे. चार वास, सकाळ-संध्याकाळ, डोळे मिटून आणि त्या त्या वस्तूची आठवण मनात जागवून हुंगायचे, शून्य ते दहा गुण द्यायचे. "शिवाय मनात येईल ते लिहीत चला," असेही ते म्हणाले. मनात येईल ते लिहिण्याची मला सवय नाही. साबणाच्या कारखान्यात मुख्य गंधपरीक्षक म्हणून मी आजवर नाकात येईल तेच लिहीत आले. गेल्या महिन्यात ताप आला, उतरला, आणि उतरताना नाक घेऊन गेला.

"वास परत येतो बऱ्याच जणांना. धीर धरा," डॉक्टर म्हणाले. बऱ्याच म्हणजे किती, असे विचारल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. आकडा ठाऊक नसेल तर 'बऱ्याच' हा शब्द वापरू नये.

त्यांनी दिलेल्या चार कुप्यांपैकी लवंगेची चालेल. गुलाबाची मात्र फेकून दिली. तो गुलाब नव्हेच, गुलाबातले एकच रसायन कृत्रिमरीत्या करून तेलात कालवलेले. त्यावर नाक घडवायचे म्हणजे एकाच सुरावर गाणे शिकवण्यासारखे आहे. गुलाबपाणी मी घरीच काढणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळी कुंपणाशी गेले. तिथली गुलाबाची झुडपे सासूबाईंनी लावलेली, जुन्या जातीची. फूल लहान आणि विस्कटलेले असते, दिसायला अगदी सामान्य. वासासाठी मात्र तीच जात हवी. दुकानातल्या लांब देठांच्या गुलाबांना रूप असते आणि फवारणी असते, याखेरीज काही नसते.

सासूबाई पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, झुडूप बोडकं करतेस का माझं?"

"आई, ऊन चढायच्या आत तोडायला हवीत. उन्हानं तेल उडून जातं."

"मग तोड बाई. बोडकं तर बोडकं. पुन्हा येतील."

पाकळ्या सोडवल्या, पांढरे बूड कापून टाकले, कारण त्याने कडवटपणा येतो. जाड बुडाच्या पातेल्याच्या मध्यभागी उलटी वाटी, तिच्यावर काचेचा रिकामा वाडगा, भोवती पाकळ्या आणि त्या जेमतेम बुडतील एवढे पाणी. झाकण उलटे ठेवून वर बर्फ. मंद आचेवर वाफ झाकणाला जाऊन थंडावते आणि झाकणाच्या मुठीवरून थेंबथेंब वाडग्यात पडते. यात कौशल्य एकच आहे आणि ते थांबण्याचे. आरंभीच्या थेंबांना ताज्या पाकळीचा वास असतो, मग मधाचा, आणि त्यानंतर उकडलेल्या पाल्याचा. तो शेवटचा येण्यापूर्वी थांबायचे. किती पूर्वी, ते नाक सांगते.

मी घड्याळ पाहून थांबले.

पाणी किंचित धूसर निघाले, वर तेलाचा बारीक तवंग. उत्तम लक्षण आहे. काचेच्या बुचाच्या तपकिरी बाटलीत भरले, चिठ्ठी लावली, फ्रिजच्या दारात ठेवले. रात्री नवऱ्याला हुंगायला दिले.

"गुलाबासारखा आहे."

"गुलाबासारखा म्हणजे कसा?"

"बाईसाहेब, मी दातांचा डॉक्टर. मला तोंडाचे वास ओळखता येतात, ते तुला नको आहेत."

सासूबाई हसल्या. विनोद बरा होता असे दिसते.

गुलाब: शून्य.

रविवार, ९ फेब्रुवारी

दूध गॅसवर ठेवून मी शेजारच्या खोलीत वाचत होते. सासूबाई अंगणातून धावत आल्या तेव्हा स्वयंपाकघरात धूर भरलेला होता आणि पातेल्याचा कोळसा झाला होता. घरभर करपट वास सुटला होता म्हणे. मला काही कळले नाही. मी परिच्छेद संपवून उठले.

यापुढे गॅसवर काही ठेवायचे असेल तर मी तिथेच उभी राहीन, असे ठरले. ठरवले नवऱ्याने, मी मान डोलावली. तो दवाखान्यातून परतला की अंगाला लवंगतेलाचा वास असे आणि दाराची कडी वाजण्यापूर्वीच मला तो आल्याचे समजे. आता तो एकदम समोर येऊन उभा राहतो. सभ्य दिसणारा, टक्कल पडू लागलेला एक गृहस्थ. मी त्याला पाणी देते.

दिवसातून तीनदा आंघोळ करते. स्वतःचा वास येत नसला की माणूस स्वतःविषयी काहीही समजू शकतो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

चारही शून्य.

उतावळीचा फोन आला. ती माझी कनिष्ठ परीक्षक. हे नाव मी ठेवलेले आहे आणि ते तिला ठाऊक आहे. वासात बुडवलेली कागदाची पट्टी नाकापाशी नेण्याआधीच ती निष्कर्ष लिहायला पेन उघडते. सध्या माझे काम तीच पाहते. नव्या साबणाच्या वासाची घडण बिघडत चालली आहे, मॅडम तुम्ही लवकर या, असे म्हणाली. बिघडणारच.

"बरं वाटतंय का तुम्हाला?"

"तापाचं विचारत असाल, तर तो कधीच गेला."

कारखान्यात मी नाकाविषयी काहीही सांगितलेले नाही. अशक्तपणामुळे रजा वाढवली आहे.

सासूबाईंचे डोळे चुरचुरतात. दुपारी बोळे ठेवायला थोडे गुलाबपाणी मागत होत्या. देता येणार नाही, असे मी सांगितले. ते घरगुती उपचाराचे पाणी नव्हे, ते माझे मानक आहे. मानकात कोणी बोटे बुडवू लागले तर मोजायचे कशावर? बाजारातून वेगळे आणून देईन म्हटले. त्या "बरं बरं" म्हणाल्या.

बाजारात जाणे झाले नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गुलाब: एक.

पुन्हा लिहिते, कारण सकाळी तीनदा पडताळून पाहिले. कागदाची पट्टी बाटलीत बुडवली, डोळे मिटले, कुंपणाजवळची पहाट आठवली, आणि अतिशय दूर, बंद दारापलीकडे कोणी बोलत असावे तसा, गुलाब होता.

आनंद झाला असे लिहायला हवे. जिन्यात एक पायरी जास्त असेल असे समजून पाऊल टाकावे आणि ती नसावी, तसे काहीसे झाले. सासूबाई समोर भाजी निवडत होत्या.

"काय गं, हसलीस?"

"हसले का?"

"हसलीस की. किती दिवसांनी."

"आई, वास आला. गुलाबाचा. किंचित."

त्यांचा भाजीचा हात थांबला. मग म्हणाल्या, "येणारच. म्हटलं नव्हतं मी?" त्यांनी तसे म्हटल्याचे मला स्मरत नाही. निवडलेली आणि न निवडलेली भाजी त्यांनी एकत्र केली आणि पुन्हा पहिल्यापासून निवडत बसल्या. वय झाले.

लिंबू, लवंग, निलगिरी: शून्य.

सोमवार, २४ फेब्रुवारी

गुलाब: दोन.

बाटलीची स्थिती उत्तम आहे. आरंभीचा धूसरपणा जाऊन पाणी स्फटिकासारखे स्वच्छ झाले, तवंगही विरघळला. अर्क मुरला की असे होते. रोज दोन वेळा पट्टी बुडवूनही पातळी उतरलेली नाही, याचे श्रेय घासून बसवलेल्या काचेच्या बुचाला द्यावे लागेल. प्लास्टिकच्या झाकणात निम्मे उडून गेले असते.

सासूबाईंच्या डोळ्यांची चुरचुर आपोआप थांबली. चेहराही टवटवीत दिसतो. बाजारात जायचे राहिले ते बरेच झाले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

गुलाब: तीन. बाकीचे शून्य.

नवरा म्हणाला, एकच वास कसा येतो, हे विचित्र नाही का. त्यात विचित्र काही नाही. बाकीचे तीन दुसऱ्यांच्या कुप्यांतले आहेत, गुलाब मी काढलेला आहे. मानक जितके शुद्ध तितका प्रतिसाद लवकर. त्याला दाढेचे उदाहरण देऊन समजावले.

"पटलं," तो म्हणाला. मग हात धुऊन बराच वेळ पुसत राहिला.

संचालकांचा फोन आला होता. नव्या साबणातल्या गुलाबाच्या वासाच्या घडणीला अंतिम मान्यता द्यायची आहे. मी दहा मार्चला येऊन नेहमीची तीन पट्ट्यांची चाचणी द्यावी: दोन पट्ट्या एका वासाच्या, एक वेगळी, ती वेगळी ओळखायची. दीर्घ आजारानंतर परतणाऱ्या प्रत्येक परीक्षकाला ती द्यावी लागते. नियम माझाच आहे.

"औपचारिकता हो," ते म्हणाले. "पण तुम्हाला जमणारच नसेल, तर तसं सांगा. मग ती जागा तुमच्या हाताखालच्या मुलीला द्यावी लागेल. साबण थांबत नाही."

येईन, असे सांगितले. तोवर सहा गुणांपर्यंत पोचायला हरकत नाही. चाचणी गुलाबाचीच आहे.

रविवार, २ मार्च

गुलाब: चार.

दुपारी उतावळी आली. काही कागद द्यायचे होते, ते टपालानेही आले असते. सासूबाईंनी तिला खुर्ची, पंखा, चहा, सगळे एकदम दिले. मी फ्रिजमधली बाटली आणली. खऱ्या अर्काचा नमुना तिने पाहावा, एवढाच हेतू होता.

"सांगा. वर्णन करा."

तिने पट्टी हुंगली. आश्चर्य म्हणजे या वेळी तिने घाई केली नाही. पुन्हा बुडवली, पुन्हा हुंगली. बाटली उजेडात धरली. मग बूच लावून ती टेबलावर ठेवली.

"छान आहे, मॅडम."

"'छान' हे वर्णन नव्हे. मी सांगते. वरचा थर हिरवा, देठाजवळचा. त्याखाली मध. शेवटाला किंचित मिऱ्याचा चटका. येतोय?"

"हो."

"मग लिहीत का नाही?"

तिने लिहून घेतले. कप ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून तिचा आणि सासूबाईंचा दबका आवाज बराच वेळ येत राहिला. सासूबाई एकदा "नको गं, नको सांगूस" असे म्हणाल्या. कुणाच्या तरी लग्नाबिग्नाचे असावे. या वयात बायकांना दुसरा विषय नसतो.

जाताना दारात म्हणाली, "मॅडम, दहा तारखेला पट्ट्या मी मांडू का? मी सांगितलंय सरांना, मीच मांडते."

"कोणी का मांडेना. नीट मांडल्या म्हणजे झाले."

पायऱ्या उतरताना तिने पर्स दोनदा पाडली.

बुधवार, ५ मार्च

क्रमाने लिहिते.

चाचणीपूर्वी घरी सराव करावा, तोही रीतसर, अशा विचाराने सकाळी तीन सारख्या पेल्या घेतल्या. एकीत गुलाबपाणी, दोहोंत साधे पाणी. पेल्यांच्या तळाशी खुणा करून नवऱ्याला त्या माझ्या नजरेआड हलवायला सांगितल्या.

पहिलीला गुलाब आला. चार. दुसरीलाही आला. तिसरीलाही.

मिसळले गेले असावे म्हणून पेल्या उकळत्या पाण्याने धुतल्या, पुन्हा भरल्या. पुन्हा तिन्हींना गुलाब. अगदी तोच: हिरवा, मग मध, मग मिरे. नवऱ्याला विचारले, "कोणत्या पेलीत आहे, तूच सांग. तुला तरी कळेल."

त्याने तिन्ही हुंगल्या. मग बाटली हुंगली. मग खुर्चीवर बसला.

"अगं," तो म्हणाला, "कशातच नाही. बाटलीतही पाणीच आहे."

सासूबाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, ते ठाऊक नाही.

"मी वापरलं ते," त्या म्हणाल्या. "डोळे जळत होते माझे. थोडं घेतलं, मग अजून थोडं घेतलं. तू लगेच ओळखशील म्हणून नळाचं घालून ठेवत गेले. शेवटी नळाचंच राहिलं."

"केव्हापासून?"

"तू हसलीस ना, त्याच्या आदल्या दिवशी संपलं सगळं."

"मग सांगितलं का नाही?"

"भीतीच वाटली आधी. तू बोलतेस ना, ते लागतं माणसाला. उद्या सांगेन म्हटलं, तर सकाळी तू हसलीस. मग कुठल्या तोंडानं सांगू?" त्या पदराने डोळे पुसू लागल्या. "रोज सकाळी ती बाटली हुंगून बरी दिसायचीस गं. जेवायचीस दोन घास जास्त."

"बस आता," नवरा म्हणाला. हे त्याने कुणाला म्हटले, त्यांना की मला, ते कळले नाही.

मी संतापेन अशी दोघांची अपेक्षा होती. मीही वाट पाहिली. काही आले नाही. पेल्या धुऊन पालथ्या घातल्या. माझ्याजवळ वास नव्हता, वासाचे माझेच वर्णन होते, आणि ते मी रोज वाचून दाखवत होते. इतकी शिस्तबद्ध चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती.

आज गुण दिलेले नाहीत.

शनिवार, ८ मार्च

कुंपणावर पुन्हा फुले आली आहेत. नव्याने काढले. सगळे सासूबाईंना दिले, वाडग्यासकट. नको नको म्हणत होत्या. त्यांना आडवे केले, कापसाचे बोळे भिजवून मिटल्या पापण्यांवर ठेवले. माझी बोटे ओली झाली. पाणी गार होते, एवढे समजले.

"वास कसा आहे?" मी विचारले.

"छान आहे," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "नाही, थांब, सांगते. जरा शिजलाय."

म्हणजे मी उशिरा थांबले. घड्याळ पाहूनच थांबले होते.

"मग फेकून देऊ?"

"वेडी आहेस का. डोळ्यांना काय कळतंय."

रविवार, ९ मार्च

नवरा म्हणतो, फोन करून नाही म्हणून कळव. गेलीस तर लोकांसमोर होईल सगळं.

जावे लागेल. तिथे नाकाशिवाय निभावण्याचे मार्ग मला अनेक ठाऊक आहेत, हे लिहून ठेवण्यात लाज कसली. अस्सल तेलाची पट्टी उशिरा सुकते आणि कडेला पिवळट रेघ सोडते. वेगळ्या पट्टीवर बोट ठेवायला नाकाची गरज नाही, उजेडाची आहे. चेहरा वाचताही येतो: पट्ट्या मांडणाऱ्याला उत्तर ठाऊक असते, आणि उतावळीचा चेहरा उघड्या खिडकीसारखा आहे. एकदा निभावले की वर्षभर कोणी विचारणार नाही. तोवर नाक येईल. बऱ्याच जणांचे येते.

करीन की नाही, ठरवलेले नाही. ठरवायला जे लागते तेही तापाबरोबर गेले असावे.

कपडे इस्त्री केले.

सोमवार, १० मार्च

परीक्षाकक्ष होता तसाच आहे. पांढऱ्या भिंती, पांढरे टेबल, माझी खुर्ची. कोणीतरी तिची उंची बदललेली होती, ती पूर्ववत केली. संचालक कोपऱ्यात घड्याळाशी खेळत बसले होते. उतावळी ट्रे घेऊन आली आणि टेबलावर ठेवून मागे सरली.

तीन पट्ट्या. पाहताक्षणी माझ्या मनात आले, इतकी वर्षे शिकवून उपयोग काय. दोन पट्ट्या शेजारी शेजारी, आणि तिसरी त्यांच्यापासून चांगली बोटभर पुढे, तिचे टोकही किंचित दुमडलेले. असली मांडणी पहिल्या दिवशी आलेली मुलगीही करणार नाही. परीक्षकाचे लक्ष आपसूक एका पट्टीकडे जाते आणि चाचणी निकामी होते.

"हे काय आहे?"

"मॅडम?"

"अंतर सारखे नाही. ही पुढे आली आहे. टोक वाकलेले आहे."

"असू दे ना, मॅडम," ती हळू म्हणाली. "तशाच घ्या ना."

"बदलून आणा."

"वाळून जाईल, मॅडम. घ्या ना तशाच. मी मुद्दाम…" तिने संचालकांकडे पाहिले आणि थांबली.

"मुद्दाम काय? मुद्दाम तरी व्यवस्थित करावे. नव्या पट्ट्या काढा. अंतर मोजून ठेवा. आणि तोवर दिवा मंद करा, रंग दिसता कामा नये."

हे शेवटचे मी का म्हटले, सांगता येत नाही. नियमात आहे म्हणून म्हटले.

तिला वेळ लागला. परत आली तेव्हा ट्रेमध्ये पट्ट्या सुरेख मांडलेल्या होत्या: सारखे अंतर, सरळ टोके, एकीत आणि दुसरीत काडीचाही फरक नाही. तिला मांडणी येते. आजवर मी तिला तसे कधी म्हटलेले नाही. ती माझ्या मागे जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

पहिली घेतली. डोळे मिटले. दुसरी. तिसरी. पुन्हा पहिली. घरी पाण्याला येत होता तोही गुलाब आला नाही. कागद नाकाला लागत होता, हवा आत जात होती आणि बाहेर येत होती. तिन्ही पट्ट्या ट्रेमध्ये होत्या त्याच जागी, त्याच अंतरावर ठेवल्या.

"मला वास येत नाही," मी म्हटले. "कशाचाच येत नाही. तापापासून."

संचालकांनी घड्याळ मनगटावर चढवले. "दमला असाल तुम्ही. उद्या घेऊ परत. की परवा?"

"उद्याही येणार नाही. ही जागा हिला द्या. मांडणी चांगली करते. निष्कर्ष लिहायला घाई करायची, अलीकडे करत नाही."

ते काहीतरी बोलले आणि बाहेर गेले. मागे आवाज आला म्हणून वळून पाहिले. ती भिंतीला टेकून रडत होती, तोंडावर दोन्ही हात धरून, लहान मुलासारखी. रडण्याचे कारण मी विचारले नाही. परीक्षाकक्षात रडण्यास मनाई आहे. नाक चोंदते आणि पुढचे काम वाया जाते. तिला बाहेर जाऊन तोंड धुऊन, उघड्या हवेत थोडे फिरून यायला सांगितले. नव्या साबणाच्या पट्ट्या अजून व्हायच्या होत्या, आणि त्या तिलाच हुंगायच्या होत्या. ती येईपर्यंत मी खुर्चीची उंची तिच्या मापाची करून ठेवली.